मलायांतील धर्मशिक्षण आणि एक एकवचनी शब्द

पेराकच्या सुलतानानें ब्रिटिश रेसिडेंटाचा सल्ला सर्व बाबतींत मानावा, मात्र मलायी धर्म व चालीरीति यांत रेसिडेंटानें पडूं नये, असें १८७४ च्या पंकोर तहांत ठरलें. पुढें इतर संस्थानांतहि तोच शिरस्ता पडला. राज्य गेलें, मशीद राहिली. म्हणून धर्माचें प्रमुखपद सुलतानांनीं जिवापाड जपलें.

१९५६ सालीं लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखालीं घटना-समिति बसली. तिच्या बहुमताच्या मसुद्यांत राजधर्म नव्हता, आणि नवल असें कीं तो नको म्हणणारांत सुलतानहि होते. आपलें प्रमुखपद लोपेल, ही त्यांची भीति! पाकिस्तानचे न्यायमूर्ति अब्दुल हमीद यांनीं मात्र भिन्नमत नोंदविलें, अलायन्स पक्षानेंहि आग्रह धरला, आणि १९५७ च्या घटनेच्या ३ ऱ्या कलमांत इस्लाम हा संघराज्याचा धर्म ठरला.

देशांत चिनी बौद्ध, तमिळ हिंदु, ख्रिस्ती व शीख यांची वस्ती मोठी. १२ व्या कलमानें परधर्माचें शिक्षण लादण्यास बंदी केली, प्रत्येक समाजास आपल्या मुलांसाठीं संस्था काढण्याची मोकळीक दिली. सरकारी साहाय्याचा उल्लेख मात्र इस्लामी संस्थांपुरताच. १९६१ च्या कायद्यानें १५ मुसलमान विद्यार्थी असलेल्या साहाय्यप्राप्त शाळेंत इस्लामी शिक्षण आवश्यक झालें. १९९६ सालीं ही संख्या ५ वर आली. इतरांसाठीं १९८३ पासून नीतिशिक्षण सुरू झालें. घंटा होतांच एकाच वर्गांतील मुलें दोन दिशांना जातात; सोय म्हणून हें ठीक, परंतु शेजाऱ्याचा धर्म काय सांगतो तें अशानें फारसें कानीं पडत नाहीं.

खरी अडचण निघाली ती त्याच कलमाच्या एका शब्दांत. १८ वर्षांखालील मुलाचा धर्म आईबापांनीं किंवा पालकानें ठरवावयाचा; पण इंग्रजी पाठांत आईबापांसाठीं शब्द आहे एकवचनी. हिंदु जोडप्यांपैकीं नवऱ्यानें इस्लाम स्वीकारला, तर मूल कोणत्या वर्गांत बसावें? २००७ सालीं सर्वोच्च न्यायपीठानें बहुमतानें म्हटलें, दोघांपैकीं एकाची इच्छा पुरे. २०१८ च्या जानेवारींत त्याच न्यायपीठानें एका हिंदु मातेच्या दाव्यांत दोघांचीहि संमति आवश्यक ठरविली आणि तीन मुलांचीं धर्मांतराचीं प्रमाणपत्रें रद्द केलीं.

त्यांतली धाकटी मुलगी २००९ सालीं ११ महिन्यांची असतांना बापानें नेली होती. निकालाच्या दिवशींहि ती आईजवळ नव्हती.