घोड्यावर नापास

कोळगावला कलेक्टर कचेरी आल्यापासून आमच्या भागातल्या आयांची मोठी सोय झाली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर-बोईसर रस्त्यालगत, सिडकोनं बांधलेल्या प्रशस्त इमारतींत जिल्ह्याचं मुख्यालय थाटलं गेलं. तेव्हापासून या रस्त्यानं जाणारी प्रत्येक आई मुलाला रिक्षातून बोट दाखवून सांगते, "अभ्यास केलास तर तिथं बसशील!" आमच्या शेजारचा मुलगा त्या बोटाचाच बळी. तो बी.एस्सी. करतो आणि स्पर्धा परीक्षेचीही तयारी करतो. म्हणजे दोन्हींची पुस्तकं एका टेबलावर असतात आणि हा मधोमध मोबाईल बघत बसतो. परवा कुरकुरला, "काका, कॉलेज आणि ही परीक्षा, दोन्ही एकदम नाही हो जमत."

मी म्हटलं, "नशीब समज, मध्ये घोडा नाही."

काकांना आताशा वयाचं भान राहत नाही, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण घोडा खरोखरच होता. साहेबाच्या राज्यात आय.सी.एस. व्हायचं म्हणजे आधी विलायतेतली लेखी परीक्षा, मग उमेदवारीची वर्षं, त्यांत कायदा आणि हिंदुस्थानातल्या भाषा, आणि एवढं सगळं झाल्यावर घोड्यावर बसून दाखवायचं. पडलात तर पडलात, दोन्ही अर्थांनी.

यात निव्वळ साहेबी चोचले होते असं मात्र नाही. आपला हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात. थंडी पडली की अधिकारी तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. एकदा आगगाडीचे रूळ सोडले, की इकडे खाड्या आणि खाजणं, तिकडे डहाणूचं रान. घोडा हीच त्या काळची सरकारी जीप. ज्याला मांड ठोकता येत नाही तो जिल्हा काय बघणार? प्रश्न रास्तच होता. फक्त घोड्यावर बसायला शिकायचं तर पैसे मोजावे लागत, आणि ते सर्वांकडे सारखे नसत.

ज्यांच्याकडे नव्हते त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव अरविंद घोष. १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हे गृहस्थ आय.सी.एस.च्या परीक्षेत अकरावे आले. त्याच वर्षी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. वडील बंगालात सिव्हिल सर्जन, पण घरून येणारे पैसे कधी वेळेवर येत नसत. पुढची दोन वर्षं एका हातात ग्रीक-लॅटिन आणि दुसऱ्या हातात सरकारी उमेदवारी. १८९२ मध्ये ट्रायपॉसच्या पहिल्या भागात पहिला वर्ग मिळवला, सरकारी पेपरही पास. अडलं ते चतुष्पादापाशी. घोडेस्वारीत नापास झाले, सरकारनं पुन:पुन्हा संधी दिल्या, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वूलिचला शेवटचं बोलावणं आलं तेव्हा हे गेलेच नाहीत. नाव कटलं.

पुढे त्यांनीच सांगितलं, की ती नोकरी मुळात करायचीच नव्हती. पण सरळ नाही म्हटलं तर घरच्यांनी ऐकलं नसतं, म्हणून घोड्याचा आडोसा घेतला. मला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडे मुलाला इंजिनिअर व्हायचं नसेल तर बिचाऱ्याला गणितात नापास व्हावं लागतं, आणि त्यात सगळ्या खानदानाची अब्रू जाते. घोड्यावर नापास व्हायला कुणाचीच हरकत नसते.

योगायोगानं बडोद्याचे सयाजीराव महाराज तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी हे रत्न दरमहा दोनशे रुपयांवर उचललं, आणि आय.सी.एस.चा माणूस दोनशेत मिळाला म्हणून ते खूष होते. मंडईत शेवटी शेवटी हापूस स्वस्त मिळाल्यावर आपण होतो तसे! फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंदबाबू मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले आणि बडोद्याला गेले. मुंबईहून बडोद्याची आगगाडी आमच्या पालघर-बोईसरवरूनच जाते. घोड्यावरून साहेब म्हणून ज्या मुलखात फिरायचं, तसल्याच एका मुलखातून हा माणूस रुळांवरून, बसल्या जागी, निघून गेला.

सगळेच काही अडखळले नाहीत. आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख केंब्रिजात वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवून १९१८ साली आय.सी.एस.ला थेट पहिले आले. नियमाप्रमाणे घोडा त्यांनाही चुकला नसणार. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. रुपयाला लगाम घालण्यापेक्षा घोड्याला घालणं नक्कीच सोपं.

पण या घोड्याची खरी जात दिसली ती सुभाषचंद्र बोसांना. १९२० साली ते परीक्षेत चौथे आले. केंब्रिजची डिग्री अजून व्हायची होती. उमेदवारांना ज्या छापील सूचना वाटल्या, त्यांत हिंदुस्थानात घोड्यांची निगा कशी राखावी याचंही एक टिपण होतं. त्यात म्हटलं होतं, की हिंदुस्थानी मोतद्दार घोड्याचंच खाणं खातो. इथंच घोडं पेंड खात होतं! अहो, हरभरे आम्हीही खातो. उसळ करून, वर कांदा-कोथिंबीर घालून. घोडाच आमचं खातो, असं का नाही लिहिलं? बनिये अप्रामाणिक असतात, हेही त्या सूचनांत होतं. म्हणजे लगाम कसा धरावा हे शिकवता शिकवता, ज्यांच्यावर राज्य करायचं ती माणसं कसली, हेही तरुण पोराच्या कानात हळूच सांगून ठेवायचं.

बाकीच्या हिंदी उमेदवारांनाही राग आला, पण हातातोंडाशी आलेली नोकरी कोण घालवणार? बोस मात्र तक्रार घेऊन सरळ अधिकाऱ्याकडे गेले. सरकारी मत मान्य नसेल तर चालू पडा, अशी तंबी मिळाली. एप्रिल १९२१ मध्ये त्यांनी स्वत:च राजीनामा पाठवला आणि पुस्तकं उघडून डिग्रीच्या परीक्षेला बसले.