काळी, पांढरी आणि निळसर चुना : दिंद्रुड परिसरातील घरांच्या दर्शनी भिंतींचा विचार

मराठी खेड्याच्या जमिनीची मूळ विभागणीच रंगांच्या नावांनी झालेली आहे. पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ग्रामव्यवस्थेचे जे विवेचन केले, त्याच्या पायाशीही हीच जोडी आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड व त्याच्या आसपासच्या गावांतील घरांचे बाह्य रंग समजून घ्यावयाचे, तर अभिरुचीच्या चर्चेपेक्षा या जोडीपासून आरंभ करणे अधिक युक्त होय.

काळी माती कापसाला व ज्वारीला उत्तम; भिंतीला मात्र निरुपयोगी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घरासाठी लागे ती पांढरी माती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, पडक्या भिंतींचा चुरा व चुन्याचा अंश यांनी बनलेली जुन्या गावठाणाची माती. मराठवाड्यातील अनेक गढ्यांचे तट तिचेच आहेत, आणि माळवदावर तिचाच थर पसरतात, कारण तिच्यातून पाणी सहसा मुरत नाही. ढासळत्या गढीची माती नेऊन गावकऱ्यांनी आपली माळवदे शाकारली, ही गोष्ट इतिहासाभ्यासकास खटकेल. परंतु एक वास्तू मोडून दुसरी राखण्याची ही रीत गढीच्या बांधणीपूर्वीचीच असली पाहिजे. अशा रीतीने घराचा पहिला रंग, करडसर पांढरा, हा निवडलेला नसून उकरून काढलेला होता.

त्यावरचे रंग मात्र निवडलेले होते. गेरू, काव व पिवडी हे तिन्ही लोहयुक्त मातीचे रंग होत. उन्हाने ते विटत नाहीत व चुन्यातही टिकतात. हिरमजी या तांबड्या मातीचे नाव तर पर्शियन आखातातील होर्मुझशी जोडले जाते. तेव्हा ‘मातीचा रंग’ म्हणजे गावच्याच मातीचा रंग, असे गृहीत धरणे सावधपणाचे नव्हे. भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा व वर फिका रंग, ही योजना शोभेची खरी, पण तिचे मूळ उपयोगात आहे. पागोळ्यांचे शिंतोडे, चिखल व दारी बांधलेल्या बैलांचे अंग घासणे यांमुळे भिंतीचा खालचा हातभर भाग नेहमी मळतो. तांबड्या पट्ट्यावर तो मळ दिसत नाही, आणि नवरात्रापूर्वी तेवढाच भाग पुन्हा पोतारला तरी घर नवे दिसते.

फिक्या रंगांचे कारण याहून सूक्ष्म आहे. चुना हवेतील कर्बवायू शोषून दगडासारखा घट्ट होतो व स्वतःत मिसळलेला रंग धरून ठेवतो. परंतु रंगद्रव्य प्रमाणाबाहेर गेले की त्याची पकड सुटते आणि भिंतीला हात लावताच रंग हाताला येतो. त्यामुळे चुन्यात कालवलेला प्रत्येक रंग अपरिहार्यपणे फिका राहतो. जी सौम्यता आज सौंदर्यदृष्टीचे लक्षण म्हणून वाखाणली जाते, ती प्रथमतः चुन्याची मर्यादा होती. नंतर डोळ्यांना तिची सवय झाली व सवयीतून आवड निर्माण झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

निळ्या रंगाची कथा निराळी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांना तांबडा, पिवळा व हिरवा रंग मातीखडकांतून मिळाला. निळ्यासाठी लाजवर्द दूरदेशाहून आणावा लागला. हा दुर्मिळ रंग खेड्याच्या भिंतीवर येणे १८२८ पूर्वी जवळजवळ अशक्य होते. त्या वर्षी फ्रान्समध्ये गिमे यास कृत्रिम लाजवर्दाच्या शोधाबद्दल पारितोषिक मिळाले. पुढे हाच पदार्थ कपड्यांची नीळ म्हणून बाजारात आला व चुन्याच्या बादलीतही पडला. चुन्यात तो नासत नाही, हे त्याचे भाग्य. म्हणजे गेरू व फिकी निळाई ही जोडी, जी परंपरेचे प्रतीक मानली जाते, तिचा अर्धा भाग एकोणिसाव्या शतकातील कारखान्याची देणगी आहे.

या रंगांत सामाजिक श्रेणीही होती. पांढरी माती खणण्याचे श्रम पडत. चुन्याला भट्टी, जळण व पैसा लागे. वाड्याची भिंत गवंडी चुन्याने रंगवी, साध्या घराची भिंत घरातील स्त्रिया पोतेऱ्याने सारवीत. गवंड्याची मजुरी हिशेबाच्या वहीत चढे. पोतेऱ्याची नोंद करण्याचे कारणच कोणास नव्हते. दप्तरावर विसंबणाऱ्या इतिहासात या स्त्रियांचे रंगकर्तृत्व येत नाही, ते याचमुळे. गावकुसाबाहेरच्या वस्तीच्या भिंतींविषयी तर दप्तर अधिकच मूक आहे.

१९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. भिंतींवर या घटनांचा परिणाम मंदच झाला. निर्णायक घाव ३० सप्टेंबर १९९३ चा. किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती व माळवदांचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर जड मातीच्या छपराविषयी भय वाटणे स्वाभाविकच होते. त्याला कोणी परंपराद्रोह म्हणू नये. सिमेंट व पत्रा यांचा प्रसार त्या भयाने वाढला, आणि सिमेंटबरोबर डब्यातील तयार रंग आले. तेच रंग उरलेल्या मातीच्या भिंतींना दिले की आतील ओल बाहेर पडेनाशी होते. पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर खालची पांढरी मातीही निघून येते.