टुटी-फ्रुटी (जडजवाहीर)

पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९२० व १९३० च्या दशकांत रूढ केलेली जडावाची शैली. माणिक, पाचू आणि नीलम यांची भारतीय पद्धतीने कोरलेली पाने, फुले, बोरांसारखे मणी. त्यांना हिऱ्यांनी भरलेले प्लॅटिनमचे युरोपीय कोंदण. ‘सगळी फळे’ या अर्थाचे हे इटालियन नाव शैलीला १९७० च्या दशकात चिकटले. आधी अशा दागिन्यांना ‘हिंदू’ हे विशेषण चाले. बेकरीतल्या पपईच्या रंगीत फोडींचे नावही तेच, नाते रंगापुरते.

पूर्वपीठिका : १९०१ मध्ये राणी अलेक्झांड्राने हिंदुस्थानातून भेट आलेल्या पोशाखांवर शोभेल असा हार प्येर कार्तिएकडून करवून घेतला. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने त्याचा भाऊ झाक भारतात आला. त्याला दोन गोष्टी दिसल्या : येथे मोठे दागिने पुरुषही घालतात, आणि संस्थानिकांना वडिलोपार्जित रत्ने पॅरिसच्या घाटात बदलून हवी आहेत. परतीच्या मालात कोरीव खडे होते. पाचू मुळात बरेचदा कोलंबियाचे. स्पॅनिश-पोर्तुगीज व्यापारातून, गोव्याच्या बाजारामार्गेही, ते मोगल दरबारी पोचले आणि येथे कोरले गेले.

घडण : शैलीचे खरे मर्म कोंदणात आहे. भारतीय कुंदनकामात घरातल्या लाखेवर चमकता पातळ पत्रा (डाक) ठेवून त्यावर खडा बसवतात आणि कडेने शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबत नेतात. सोने इतके मऊ असते की ते दाबानेच सांधते, आच द्यावी लागत नाही. पाठ बंद राहते, तीवर मीनाकाम करता येते. खड्याचे तेज डाकाकडून येते. पॅरिसची रीत उलटी. प्लॅटिनम कठीण, म्हणून नखे बारीक ठेवली तरी खडा सुटत नाही. पाठ उघडी, उजेड आरपार.

कोरीव पान या दोहोंच्या मधे अडते. पैलूदार हिऱ्यासारखे ते उजेड परतवत नाही आणि कोणतीही दोन पाने एका मापाची नसतात. त्यामुळे ठरीव साचा निरुपयोगी. खडे मांडून पाहायचे, मग प्रत्येक पानाच्या कडेबरहुकूम वेगळे घर करायचे. पानांमधून हिऱ्यांच्या फांद्या फिरवल्या जात, क्वचित काळ्या मिन्याची रेघ दिली जाई. खड्यातला डाग किंवा चीर कोरीवकामात लपते, हा व्यवहाराचा भाग सौंदर्यचर्चेत सहसा सांगितला जात नाही.

नमुने : एडविना माउंटबॅटन (पुढे अखेरच्या व्हाइसरॉयची पत्नी) हिने १९२८ मध्ये लंडनच्या शाखेतून घेतलेली शिरपट्टी सुटी केली की दोन कंकणे होतात, ती आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कार्तिएची ग्राहक डेझी फेलोज हिचा १९३६ चा ‘हिंदू हार’ मुळात मागे काळ्या दोऱ्याने बांधायचा होता, आपला पटवेकरी गाठवतो त्या धर्तीवर. फासा नंतर बसवला.

पतियाळाच्या भूपिंदरसिंहांचा १९२८ चा हार (२,९३० हिरे, मध्ये २३४.६५ कॅरेटचा पिवळा ‘डी बिअर्स’ हिरा) या शैलीत मोडत नाही, तरी देवाणघेवाणीची दुसरी दिशा, म्हणजे भारतीय संस्थानिकाची रत्ने पॅरिसच्या घाटात, त्यात दिसते. तो १९४८ च्या सुमारास नाहीसा झाला. मोठे खडे काढलेला सांगाडा १९९८ मध्ये लंडनला सापडला.

मराठी संस्थानांपैकी इंदूरचा पॅरिसच्या पेढ्यांशी संबंध ठळक. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९१३ मध्ये शोमे या पॅरिसच्या पेढीकडून घेतलेले प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे दोन नासपतीच्या आकाराचे हिरे मोबूसँ या तिथल्याच पेढीने त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्यासाठी नव्या हारात बसवले. चित्रकार बर्नार बूते द मॉन्व्हेल याच्या चित्रात यशवंतराव मराठा पोशाखात बसले आहेत आणि गळ्यात हे हिरे. हिरे १९४६ मध्ये अमेरिकी जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनकडे गेले.

भारतीय आणि पॅरिसच्या घडणीत अनुकरण कोणी कोणाचे केले, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

बाजार : या शैलीचे १९३० च्या सुमाराचे एक कंकण २०२० मध्ये ऑनलाइन लिलावात १३.४ लाख डॉलरना गेले.

कारागीर : दागिन्यासोबत पेढीचे व मालकिणीचे नाव येते, पाने कोरणाऱ्याचे येत नाही.