हातावरच्या कसबाचे मोल

मराठीत ‘हात बसला’ असे म्हणतात, तेव्हा हात थांबलेला नसतो. तो खऱ्या अर्थाने चालू लागलेला असतो. करंजीला भराभर मुरड घालणारी सुगरण बोटांकडे पाहतसुद्धा नाही. जत्रेत तीन चेंडू हवेत खेळते ठेवणारा खेळवालाही हाताकडे पाहत नाही. चेंडू वर जाऊन जिथे क्षणभर थबकतो, त्या टोकावर त्याची नजर असते. झेलण्याचे काम हात आपले आपण पाहतात.

यात जादू नाही, हिशेब आहे. चार फूट उंच फेकलेला चेंडू सुमारे एका सेकंदात परत हाती येतो. तेवढ्यात बाकीच्या दोघांची सोय लावायची! चेंडू वाढवायचे तर जास्त अवधी हवा. पण अवधी दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, आणि मग फेक जराशी तिरपी गेली की चेंडू हातभर दूर पडतो. आपला पंजा 27 हाडांचा. गंमत अशी, की बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नाहीतच. ते कोपराखाली आहेत. कळसूत्री बाहुलीसारखी बोटे दुरून नाचवली जातात!

विद्या पुरातन आहे. इजिप्तमध्ये बेनी हसन येथील सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या थडग्यात चेंडू झेलणाऱ्या स्त्रिया चितारल्या आहेत. त्यांतल्या एकीने तर हातांची अढी घातली आहे. एकोणिसाव्या शतकात रामो सामी या नावाचा एक भारतीय खेळवाला लंडनमध्ये गाजला. विल्यम हॅझलिट या निबंधकाराने 1821 मध्ये भारतीय खेळवाल्यांवर निबंध लिहिला. पण 1850 मध्ये रामो सामी वारला, तेव्हा त्याच्या अंत्यसंस्कारासाठी त्याच्या पत्नीला लोकांपुढे पदर पसरावा लागला.

आता आमच्या वऱ्हाडाकडे या. अमरावतीत 1914 साली अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळ तेथे करून दाखवले. लाठी, लेझीम, बनेटी या आखाड्याच्या विद्यांतही हातच बसवावा लागतो. त्या हाताला मान मिळाला, हे योग्यच झाले.

मग रस्त्यावरच्या डोंबाऱ्याच्या हाताने काय पाप केले? 1871 च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. लोकांच्या नजरेतला शिक्का मात्र इतक्या सहजी पुसला गेला नाही. एकाच्या कसबाला आपण व्यायाम म्हणतो, दुसऱ्याच्या कसबाला पोट भरण्याचा धंदा. वास्तविक दोघांच्याही तळहाताला घट्टे सारखेच पडतात.

2004 साली जर्मन शास्त्रज्ञांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. तीन महिने तीन चेंडूंचा सराव केलेल्या माणसांच्या मेंदूत काही ठिकाणी करडे द्रव्य वाढलेले आढळले; सराव सुटल्यावर ते पुन्हा ओसरू लागले. म्हणजे हात बसतो तो मेंदूत! आम्ही मास्तर मंडळी पाठांतराला बुद्धी म्हणतो आणि हाताच्या कामाला मेहनत. ही वाटणी आता सोडायला हवी.

वाचकहो, यंदा बहिरमच्या यात्रेत कुठे असे रिंगण दिसले तर थोडे थांबा. मुलांच्या हाती नाणे द्या, आणि सोबत एवढेही सांगा: ही भीक नव्हे, ही विद्येची दक्षिणा आहे.