बंपरवरची आठ फुटी दांडी

दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४५च्या अखेरीस अमेरिकेतल्या हॅम मंडळींवरची, म्हणजे हौशी रेडिओचालकांवरची, प्रक्षेपणाची बंदी उठू लागली. लष्कराने मोडीत काढलेले रेडिओ संच स्वस्तात मिळत होते. लोकांनी ते मोटारीत बसवले आणि मागच्या बंपरवर आठ फुटी पोलादी व्हिप, म्हणजे अँटेनाची लवचीक दांडी, उभी केली. दहा मीटर तरंगलांबीच्या बँडवर ती उत्तम चालायची, कारण तिथे तरंगलांबीचा चौथा हिस्सा जवळपास तेवढाच भरतो.

७५ मीटरच्या बँडवर मात्र हाच हिस्सा साठ फुटांवर जातो. एवढी काठी घेऊन रस्त्यावर कोण निघणार? लांबीची तूट तांब्याच्या कॉइलने भरून काढायची, हा त्यावरचा उपाय. कॉइल बुडाशी लावली तर सुमारे ७७ मायक्रोहेन्री पुरतात, मधोमध लावली तर १५०च्या आसपास लागतात. तरीही जाणकार मधलीच जागा पसंत करत. कॉइलच्या खालच्या दांडीत विद्युतप्रवाह जोरात राहतो, वर शेंड्याकडे तो ओसरत जातो. म्हणून खालचा भाग लांब असेल तर प्रक्षेपण वाढतं. कॅनडाच्या जॉन बेलरोज यांनी १९५३ साली ‘क्यूएसटी’ मासिकात आखूड अँटेनांचं हे गणित मांडलं.

गणित निष्ठुर होतं. मधोमध चांगली जाड कॉइल बसवली तरी प्रक्षेपणाच्या वाट्याला जेमतेम ०.८ ओहम रोध येतो, तर कॉइल, मोटारीचा सांगाडा आणि जमीन मिळून वीसेक ओहम खातात. शंभर वॅट ओतले तर हवेत जातात चारहून कमी. एवढ्यावर माणसं शेकडो मैलांवर बोलली, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

वारंवारतेशी अँटेनाची जुळणी तर भलतीच नाजूक. कॉइल जितकी सरस, तितका चालणारा पट्टा अरुंद. वारंवारता थोडे किलोहर्ट्झ सरकली की गाडी थांबवायची, खाली उतरायचं, शेंडा किंचित वरखाली करायचा, मागे सरून फील्ड स्ट्रेंग्थ मीटरचा काटा बघायचा. अंगाच्या जवळिकीनेही जुळणी बिघडते, म्हणून हात लावून वाचलेला आकडा खोटा. पन्नाशीच्या दशकातल्या वेबस्टर बँडस्पॅनरमध्ये वरची दांडी कॉइलच्या आत सरकवून बँड बदलता येई, पण तोही हातानेच.

ही पायपीट थांबवली कॅलिफोर्नियाच्या डॉन जॉन्सन यांनी. १९९०च्या सुमारास त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची मोटर अँटेनेच्या खांबात बसवली. तिने कॉइल खांबाबाहेर वर येते किंवा आत उतरते. बाहेर आलेले वेढे तेवढेच कामाला लागतात. चालकाने आसनावरूनच बटण दाबायचं. स्क्रूड्रायव्हर अँटेना हे नाव त्यावरूनच रूढ झालं. जमिनीत मुरणारी शक्ती मात्र मोटरने वाचत नाही. त्यासाठी बॉनेट, दरवाजे आणि सायलेन्सरचा पाइप तांब्याच्या विणलेल्या पट्टीने सांगाड्याला घट्ट जोडण्याचं काम हॅम मंडळी आजही स्वतः गाडीखाली शिरून करतात.