डोलिकॉस म्हणजे आपला कुळीथ

रक्तपेढीच्या आतल्या खोलीत बाहेरच्या माणसाला सहसा घेत नाहीत. मला घेतले, कारण मावशीच्या ऑपरेशनसाठी हव्या असलेल्या दोन पिशव्या अडल्या होत्या आणि मी तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो. तंत्रज्ञ बाई वैतागल्या, पण दार उघडले. दोन काचनळ्या दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "हे बघा. पेशी म्हणताहेत एबी. सीरम म्हणतंय, नाही."

ग्रुपिंग दोन्ही बाजूंनी करतात हे मला तोवर ठाऊक नव्हते. आधी रुग्णाच्या पेशींवर तयार अँटी-ए आणि अँटी-बी टाकतात. मग उलट फेरीत रुग्णाचे सीरम, गट माहीत असलेल्या पेशींवर. एबी माणसाच्या सीरमने ए किंवा बी, कुणाच्याच वाटेला जायचे नसते. मावशीचे सीरम गेले होते. ए पेशींच्या नळीत बारीक रव्यासारखे दाणे दिसत होते.

बाईंनी फ्रीजमधून बोटभर बाटली काढली. मावशीच्या पेशींचा एक थेंब, बाटलीतला एक थेंब, सेंट्रिफ्यूजमध्ये एक छोटी फेरी. नळी हलकेच कलती केली, तशी तळाशी बसलेली लाल टिकली धुरासारखी सुटली आणि सगळी मिसळून गेली. एकही दाणा नाही. "ए-टू-बी," त्या म्हणाल्या, "बी गटाच्या पिशव्या लावून बघू." बाटलीत काय होते, विचारले. "अँटी-ए-वन लेक्टिन. डोलिकॉस." मी तसाच उभा. "अहो, कुळीथ!"

मावशी मालवणची. कुळथाच्या पिठीवर वाढलेली बाई, आणि तिच्या रक्ताचा निवाडा कुळथाने केला. त्या दिवसापासून मी या बाटलीच्या मागे आहे.

लांडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ मध्ये रक्ताचे गट मांडले, त्याला १९३० मध्ये नोबेल मिळाले, हे शाळेत होऊन गेले आहे. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की ए गट एकसंध नाही. फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांना १९११ मध्येच त्यात दोन पोटजाती दिसल्या. ए-१ पेशीच्या अंगावर ए ची साखर आठ-दहा लाख जागी चिकटलेली असते, ए-२ पेशीवर अडीच लाखांच्या आसपास. काही ए-२ आणि त्याहून जास्त ए-२-बी माणसे ए-१ विरुद्ध प्रतिपिंड बाळगून असतात. बहुतेकांचे हे प्रतिपिंड थंडीतच जागे होते, शरीराच्या उष्णतेला झोपते, म्हणून त्रास देत नाही. पण ३७ अंशांवरही ते जागे राहिले, तर ए-१ पेशींची पिशवी त्या माणसाला चालत नाही.

तर ए-१ ओळखायचे कशाने? इथून बियांची वंशावळ सुरू होते आणि ती थेट आपल्या परसात येते. १८८८ मध्ये डोरपाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूत, श्टिलमार्कने आपल्या प्रबंधात दाखवले की एरंडाच्या बियांचा अर्क रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. पाठोपाठ तोच गुण गुंजेत सापडला. सोनाराच्या तराजूतली गुंज, तीच. पण एरंड आणि गुंज दोघेही आंधळे. कुणाचेही रक्त दिले तरी गुठळ्या करतात, ए-बी बघत नाहीत. बघणारी बी मिळायला साठ वर्षे लागली. हेलसिंकीत रेंकोनेनने १९४८ मध्ये आणि बोस्टनच्या विल्यम बॉइडने १९४९ मध्ये गट ओळखणाऱ्या बिया छापून मांडल्या. पहिला कोण, यावर बॉइडचे म्हणणे असे की आपल्याला हे १९४५ मध्येच दिसले होते. छापणारा पहिला, असा नियम मी लावतो आणि मान रेंकोनेनला देतो.

गोष्ट मात्र बॉइडचीच चांगली. त्याने मदतनीस बाईला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवून वाळलेल्या लिमा बीन मागवल्या. आपल्या बाजारात डबल बी म्हणून मिळतात त्या. दुसरा कुठलाही घेवडा मागवला असता तर बहुधा काहीच हाती लागले नसते, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. अशा बियांतल्या द्रव्यांना १९५४ मध्ये त्याने लेक्टिन हे नाव दिले, लॅटिनमधल्या 'निवडणे' या क्रियापदावरून. मराठीत ते आणखी शोभते, कारण आपण निवडणुकीत उमेदवारही निवडतो आणि सुपात कुळीथही.

लिमा बीन ए ओळखते, पण ए-१ आणि ए-२ असा नेमका भेद करत नाही. तो कुळथाने केला, आणि तो शोध पुण्याचा. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातले लष्करी डॉक्टर जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये डोलिकॉस बायफ्लोरसच्या बियांबद्दल लिहिले, १९५२ मध्ये 'नेचर'मध्ये ए-१ आणि ए-२ चा हिशेब मांडला. कृती स्वयंपाकासारखीच आहे. कच्चे कुळीथ दळायचे, मिठाच्या पाण्यात भिजवायचे, गाळायचे. कसब आहे ते पाणी घालण्यात. अर्क दाट राहिला तर ए-२ पेशीही गोळा होतात. नेमका पातळ केला की दहा लाख जागा असलेली पेशी पकडली जाते आणि अडीच लाखवाली निसटते.

आता माझा लाडका प्रश्न. बर्ड यांच्या हाती कुळीथच का आला? एक मित्र म्हणतो, मंडईतून मिळेल ती बी आणून ओळीने तपासली असेल, त्यात काय. दुसरा कोकणी, तो म्हणतो, घरी पिठले केलेले असणार. मला दोन्ही पटत नाही. कुळथाचे इंग्रजी नाव हॉर्स ग्राम. त्यातला 'ग्राम' पोर्तुगीज 'ग्रांव', म्हणजे धान्याचा दाणा, यावरून इंग्रजीत गेला, आणि मद्रासकडे ग्राम म्हटले की घोड्याच्या तोबऱ्यातला कुळीथच. लष्करी माणसाला हा दाणा स्वयंपाकघराआधी तबेल्यात भेटतो. तेव्हा माझा तर्क असा की शोधाची वाट खेचरांच्या दावणीवरून गेली. पुरावा काही नाही. बॉइडचा किराणावाला चालतो, तर माझा मोतद्दार का चालू नये?

पण खरी गंमत बाटलीवरच्या नावात आहे. डोलिकॉस बायफ्लोरस हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. बायफ्लोरस म्हणजे दुफुली. पुढे लामार्कने १७८६ मध्ये कुळथाला डोलिकॉस युनिफ्लोरस, एकफुली, असे वेगळे नाव दिले. कोण खरे, याचा निकाल लिनियसने आपल्या नावाला जोडलेल्या मूळ नमुन्यावरून लागला. तो वनस्पतीतज्ज्ञांनी पुन्हा पाहिला, तर ती निघाली चवळी! म्हणजे बायफ्लोरस हे नाव हक्काने चवळीचे, आणि शतकभर ते कुळथाच्या गळ्यात. व्हर्डकोर्टने १९७० मध्ये कुळथाची पुरती सोडवणूक केली आणि तो मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम झाला. वनस्पतीशास्त्राने नाव बदलले, रक्तपेढ्यांनी नाही. सवयीने चालते, नावात काय आहे, असे यावर म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या शास्त्रात एका अक्षराच्या चुकीने माणूस जातो, त्याने चवळीच्या नावावर कुळीथ विकावा हे बरे नव्हे.

आपल्या बाजूला असा घोळ नाही. संस्कृत कुलत्थ, कोकणात कुळीथ, सरळ चालत आलेला. मुतखड्यावर आयुर्वेदात हाच. देशावर मात्र म्हणतात हुलगा, आणि इथे मला शंका आहे. हुलगा हा कुलत्थाचाच घासलेला भाऊ म्हणावा, तर 'क' चा 'ह' कुठे झाला ते दाखवावे लागेल. शेजारी कानडी 'हुरळी' आणि तेलुगू 'उलवलु' बसलेले आहेत. हुलगा त्या घरचा, असे माझे मत. सोलापूरकडच्यांनी वाद घालावा, मी तयार आहे.

बर्ड यांचा निबंध आला त्याच काळात घाटाच्या खाली, परळला, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना 'बॉम्बे' गट सापडला. 'लॅन्सेट'मध्ये १९५२ साली तो छापला. ओ गटासारखा दिसणारा, पण ओ चेही रक्त न सोसणारा. तो ओळखायलाही पुढे एक बीच कामी आली, पिवळ्या फुलांच्या काटेरी गॉर्स झुडपाची. निलगिरीत हे झुडूप तण म्हणून माजले आहे. बॉम्बे गटावर इतके लिहिले गेले आहे की मी थांबतो. कुळथावर कुणी लिहीत नाही, ही माझी तक्रार.

एक इशारा. लेक्टिनच्या नावावर रक्तगटानुसार जेवण सांगणारी पुस्तके विकली जातात. त्यातल्या पहिल्या गाजलेल्याला १९९६ पासून चांगलाच खप आहे. ए गटवाल्याने कुळीथ वर्ज्य करायचे काही कारण नाही. लेक्टिन हे प्रथिन आहे, ते उकळी लागली की मोडते. पिठल्याने पेशी गोळा होत नाहीत.

मावशीला बी गटाच्या दोन पिशव्या जुळल्या आणि ऑपरेशन झाले. तिचा मुलगा एबी. तो रक्त द्यायला निघाला तेव्हा त्याच बाई त्याला म्हणाल्या, अख्खे रक्त देण्यापेक्षा प्लाझ्मा द्या. लाल पेशींत, बॉम्बे गटवाले सोडले तर, ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतो, प्लाझ्मात हिशेब उलटा, तिथे एबी सगळ्यांना चालतो. तुमच्या कार्डावर नुसते ए किंवा एबी असेल आणि पुढचा आकडा नसेल, तर घाबरू नका. पिशवी देण्याआधी ती रुग्णाच्या सीरमशी जुळवून बघतात, म्हणजे क्रॉसमॅच होतोच. फक्त कुणी तुम्हाला ए-२ किंवा ए-२-बी सांगितले असेल, तर ते कार्डावर लिहून घ्या आणि दर वेळी दाखवा. बाटलीवर मात्र अजून डोलिकॉस बायफ्लोरसच छापलेले असते.