परमुलखातील उत्तरायुष्य : रत्नागिरीतील थिबा राजाच्या वास्तव्याचा एक विचार

उत्तरायुष्यात आपला मुलूख सोडून परदेशी राहावयास जाणे ही गोष्ट आज रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातही नवलाची राहिलेली नाही. मुले परदेशी स्थायिक झालेली असतात आणि सेवानिवृत्त आईवडील घराला कुलूप लावून त्यांच्याकडे जातात. तेथे त्यांना अन्नवस्त्राची ददात नसते. तथापि कित्येकांचे मन तेथे लागत नाही, तर काहींचे असे लागते की ते परतण्याचे नावही काढीत नाहीत. हा भेद कशामुळे पडतो, हा प्रश्न केवळ समाजशास्त्राचा नाही. इतिहासाच्या अभ्यासकालाही त्याविषयी काही सांगता येण्याजोगे आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण खुद्द रत्नागिरी शहरातच घडलेले आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याने या शहरात तीस वर्षे काढली. प्रस्तुत लेखात त्या वास्तव्याचा विचार राजकीय घटना म्हणून न करता, परमुलखात कंठिलेले एक आयुष्य म्हणून करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे अवश्य आहे. १८५९ मध्ये जन्मलेला थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला. १८८५ च्या नोव्हेंबरात तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध होऊन तो शरण गेला. त्यास प्रथम रंगूनला व तेथून मद्रासेस नेण्यात आले. आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राजा, पट्टराणी सुपयालात, धाकटी राणी व राजकन्या यांस रत्नागिरीस आणले गेले. धाकट्या राजकन्येचा जन्म १८८७ मध्ये रत्नागिरीतच झाला. राजाने राज्य केले ते अवघी सात वर्षे. रत्नागिरीत तो राहिला तीस वर्षे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच त्याच्या वाट्यास निवृत्तिवेतनाचे जिणे आले, आणि १९१६ च्या डिसेंबरात तेथेच त्याचे देहावसान झाले.

रत्नागिरीत आणल्यामुळे राजा त्याच्या प्रजेपासून पुरता तुटला. या जिल्ह्यात त्या काळी रेल्वे नव्हती. ती यावयास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. घाटावर जाण्याचा मार्ग दुर्गम होता आणि मुंबईशी मुख्य दळणवळण समुद्रावाटे चाले. मृगाचा पाऊस सुरू झाला की तेही काही महिने बंद पडे. या भूमीचे दुसरेही एक वैशिष्ट्य होते. रत्नागिरी हा जिल्हाच मुळी देशांतर करणाऱ्यांचा. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास भरली, तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सुमारे सव्वा लाख होते. गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत व पलटणीत कोकणचा चाकरमानी राबे, गावी मनीऑर्डर पाठवी आणि हातपाय थकले की घरी परते. उमेदीचा काळ परक्या ठिकाणी आणि म्हातारपण आपल्या उंबरठ्याशी, अशी येथील रीत होती. ज्या गावातून कर्ते पुरुष बाहेर पडत, त्या गावात एका तरुण राजाला काहीही न करता बसण्यासाठी आणून ठेवले गेले.

या ठिकाणी मराठ्यांच्या इतिहासातील एका समांतर उदाहरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि दरसाल आठ लक्ष रुपयांच्या नेमणुकीवर कानपूरनजीक ब्रह्मावर्त येथे जाऊन राहिला. १८५१ च्या जानेवारीत त्याचा अंत झाला. म्हणजे त्याचाही परमुलखातील काळ तीस वर्षांहून अधिक आहे. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. ब्रह्मावर्त गंगातीरीचे तीर्थक्षेत्र होते. तीर्थावर देह ठेवणे ही त्या समाजाला मान्य असलेली, किंबहुना पुण्यप्रद वाटणारी गोष्ट होती. शिवाय बाजीरावाच्या मागोमाग आश्रित, शास्त्री, भिक्षुक, कारकून असा मोठा मराठी परिवार तेथे जाऊन वसला. त्यामुळे पुण्याची बोली, पुण्याचे सणवार आणि पुण्याचे मानपान ही सर्व गंगाकाठी चालू राहिली. राज्य गेले, पण दिनचर्या मोडली नाही.

थिबाच्या बाबतीत हे काहीच घडले नाही. तो बौद्ध होता. बौद्ध धर्माचा व भिक्षुसंघाचा आश्रयदाता हे ब्रह्मी राजाचे पहिले लक्षण. रत्नागिरीत ना विहार, ना आपल्या भाषेत बोलणारा समाज. बरोबर आलेली सेवक मंडळी कालांतराने कमी होत गेली. नेमणूक सरकारने ठरविलेली व ती राजाच्या दृष्टीने अपुरी. तेव्हा जवळची रत्ने विकणे आणि वाढीव रकमेसाठी अर्ज करणे हा क्रम वर्षानुवर्षे चालला. अर्ज करणे हेच जणू त्याचे राजकारण होऊन बसले. पहिली सुमारे पंचवीस वर्षे हे कुटुंब बंगल्यांतून राहिले. समुद्राकडे दृष्टी टाकणारा, उतरत्या छपराचा, रंगीत काचांच्या खिडक्यांचा आज सर्वपरिचित असलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. त्यात राजाला सहाच वर्षे राहावयास मिळाले, आणि धाकटी राणी तर १९१२ मध्येच निवर्तली. वास्तू मिळाली, परंतु तिच्यामुळे राजा रत्नागिरीकर झाला असे म्हणावयास आधार नाही.

याच काळात इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते; म्हणजे रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेस आणि मंडालेचा राजा रत्नागिरीस, अशी स्थिती सहा वर्षे होती. या योगायोगाचा उल्लेख नेहमी होतो, पण त्यातील खरा मुद्दा सहसा मांडला जात नाही. टिळकांचे हाल अधिक होते. तथापि त्यांच्या शिक्षेला मुदत होती, हाती ग्रंथलेखनाचे काम होते आणि मागे वाट पाहणारे लोक होते. ‘गीतारहस्य’ त्या तुरुंगात लिहून झाले. राजाला शारीरिक क्लेश कमी होते, परंतु त्याच्या वास्तव्याला मुदत नव्हती. ज्याला परतण्याची तारीख ठाऊक आहे तो परके ठिकाण सहन करतो. परतणे नाही हे ज्याने स्वीकारले आहे तो तेथे रुजू लागतो. थिबाला दोहोंपैकी एकही शक्य नव्हते. आशा सुटत नव्हती आणि पुरीही होत नव्हती.

राजाच्या मृत्यूनंतरचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्याचा देह स्वदेशी नेता यावा ही राणीची इच्छा होती. ती मान्य झाली नाही आणि १९१९ च्या मार्चमध्ये राजा व धाकटी राणी यांस रत्नागिरीतच समाधी देण्यात आली. त्याच वर्षी उरलेले कुटुंब ब्रह्मदेशात परतले. सुपयालात १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिची समाधी श्वेडगोन पॅगोड्याच्या परिसरात आहे. पतीची समाधी अरबी समुद्राच्या काठी आणि पत्नीची इरावतीच्या देशी, असा हा वियोग कायम राहिला.

परंतु थोरल्या राजकन्येची गोष्ट निराळी आहे. राजवाड्यावर द्वारपालाची चाकरी करणाऱ्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचा संबंध जडला होता व त्यापासून तिला टूटू नावाची कन्या झाली होती. इतरांबरोबर तीही ब्रह्मदेशी गेली. परंतु पुढे मुलीला घेऊन ती रत्नागिरीस परत आली आणि १९४७ मध्ये तेथेच मरण पावली. टूटूने रत्नागिरीतच संसार केला, ती मराठीच बोलत असे, हलाखीचे दिवस तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखेच कष्टाने काढले, आणि २००० मध्ये ती निवर्तली. या कथेला रम्य रूप देण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. राजकन्येच्या परतण्याची किंमत दोन पिढ्यांनी दारिद्र्याच्या रूपाने मोजली आहे. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. थिबाच्या घरातील ज्या व्यक्तीला निवड करता आली, तिने मंडालेच्या आठवणींपेक्षा रत्नागिरीतील माणसे निवडली. राजाला बंगले, नेमणूक व अखेर राजवाडा मिळूनही जे साधले नाही, ते त्याच्या नातीला भाषेने व नात्यागोत्याने साधले.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण उपेक्षणीय नाही. परमुलखात आयुष्य रुजण्यास निवारा व पैसा या गोष्टी आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. जाणे स्वेच्छेचे असणे, बरोबर आपल्या बोलीचा व आचाराचा परिवार असणे, आणि तो नसल्यास तेथील लोकांची बोली व नाती स्वीकारता येणे, या गोष्टी निर्णायक ठरतात. बाजीरावाने आपला समाज बरोबर नेला. टूटू नव्या समाजात विलीन झाली. थिबाला पहिले करू दिले गेले नाही आणि दुसरे त्याच्या राजपदाला रुचण्याजोगे नव्हते. आज वृद्धापकाळी मुलांमागे परदेशी जाणाऱ्यांची स्थिती अर्थातच राजबंद्याची नव्हे; ते स्वेच्छेने जातात व परतू शकतात. तरीही केवळ सोयींचा हिशेब मांडून निघणाऱ्याने या तीस वर्षांकडे एकदा पाहावे, असे म्हणणे अप्रस्तुत होणार नाही.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. सरकारी पत्रव्यवहारात आपल्याला जो थिबा भेटतो तो अर्जदार थिबा आहे. रकमा, रत्ने, रखवालदार आणि तक्रारी यांचाच तेथे उल्लेख. सरकारने जे नोंदविण्याजोगे मानले तेवढेच दप्तरात उरते. घरातील चाकरीस असलेली माणसे, दागिने विकत घेणारे व्यापारी, राजकन्यांच्या कानी पडलेली बोली, यांचा माग घेण्यास रत्नागिरीतील जुन्या घराण्यांची कागदपत्रे व घरोघर सांगितल्या जाणाऱ्या आठवणी धुंडाळावयास हव्यात. अशा आठवणी सांगणारी पिढी आता विरळ होत चालली आहे. तेव्हा स्थानिक विद्यार्थ्यांनी हे काम लवकर हाती घ्यावे, हे इष्ट होय.